रात्री झोपायचं कुठे? : गाडगेबाबा आणि कॅन्सरचा रुग्ण

जिंतूरहून मंठ्याकडे निघालं की देवगाव फाटा लागतो. इथून एक रस्ता सेलूला वळतो. पहाटेच्या गाडीसाठी फाट्यावर जी माणसं उभी असतात, त्यांत एखादा तरी असा दिसतोच, की ज्याच्या खांद्याला वळकटी, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल असते. त्या फायलीवरून मला कळतं, की हा माणूस लग्नाला किंवा बाजाराला निघालेला नाही. कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात निघालेला असतो, कुणी सेलूहून रात्रीची रेल्वे पकडून मुंबई गाठणार असतो.

सात-आठ वर्षांपूर्वी याच भागातल्या एका खेड्यातली चाळिशीची बाई माझ्या ओपीडीत आली. स्तनात गाठ होती. तपासण्या झाल्या, निदान झालं, योजनेचे कागद भरले आणि मी तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. गाठ वेळेत सापडली म्हणून मी मनातून खूशही होतो. चार महिन्यांनी ती परत आली ती पिवळे डोळे घेऊन. ऑपरेशन झालं होतं. केमोचे दोन डोस झाले होते. पुढचे घेतलेच नव्हते. गावाकडे कुणी तरी पुड्या देत होतं, त्या सुरू होत्या आणि त्यांनी यकृताला सूज आली होती. मी रागावलो. फुकट मिळणारं औषध सोडून पुड्या कशाला, असं बरंच बोललो. बाई गप्प राहिली. नवरा मात्र हळूहळू सांगू लागला. दोघं एकोणीस रात्री फुटपाथवर झोपले होते. केमो घेतल्यावर तिला रात्रभर उलट्या व्हायच्या आणि जवळ ना नळ, ना संडास. पाऊस आला की वळकटी उचलून पळायचं. ती औषधाला भ्याली नव्हती, त्या रस्त्याला भ्याली होती. पुड्या देणारा माणूस निदान घरी येऊन बसायचा, पाठीवर हात ठेवून बोलायचा.

मी तिला रक्तदाब विचारला होता, घरात कुणाला कॅन्सर होता का ते विचारलं होतं, पाळी कधी गेली ते विचारलं होतं. तुम्ही तिथे झोपणार कुठे, हे विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणालाच विचारलं नव्हतं.

हाच प्रश्न एका निरक्षर माणसाला शंभरेक वर्षांपूर्वी पडला होता, आणि तो नुसता विचारून थांबला नाही. येत्या २० डिसेंबरला त्याची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी हारतुरे होतील, गावोगावी झाडू हातात घेऊन फोटो निघतील. गाडगेबाबांची आपल्याला झाडूमुळे आठवण येते ते ठीकच, पण आजाऱ्याच्या बाजूने त्यांचं आयुष्य वाचलं तर आणखी बरंच हाती लागतं. ते डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते, आणि कॅन्सरवर त्यांनी काही केल्याचा दावाही मी करणार नाही. तरीही हा मजकूर आरोग्याच्या सदरात का, ते पुढे कळेल.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात झाला. घर परटाचं. आईचं नाव सखूबाई. देवाचं कार्य असो, नवस असो की बारसं, बकरं कापायचं आणि सोबत दारू, अशी जातीची रीत. झिंगराजी त्या रीतीतूनच दारूकडे गेले आणि दारूनेच १८८४ मध्ये संपले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. आजार दारूचा आणि त्यावरचा उपाय पुन्हा देवाला बकरं व दारू, असा तो फेरा. घरातला कर्ता माणूस आजारी पडला की घाबरलेलं घर कुठे कुठे धावतं, हे त्या पोराने अगदी लहानपणी बघितलं. पुढे आयुष्यभर नवस, बळी आणि दारू यांवर ते इतके तुटून का पडायचे, याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

विधवा सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाकडे गुरं राखायला लागला. अंगाने दणकट, शेतीत तरबेज, पोहण्यात पटाईत, आणि रात्री भजनाचा नाद. शाळा नाही. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं आणि त्याची किंमत मोजावी लागली. सावकाराच्या कागदांवर अंगठे उठत गेले आणि मामाची जमीन गेली. त्या धक्क्यातून मामा सावरला नाही. वाचता न आल्यामुळे माणूस कसा फसतो, हे पुढे त्यांच्या कीर्तनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. मलाही ते रोज दिसतं. पुडीवर कधी नाव नसतं, कधी असतं पण ते वाचणारं घरात कुणी नसतं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीचं बारसं आलं तेव्हा डेबूजींनी जातीची रीत मोडली आणि पंगतीला मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. आज वाचताना गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्याने खेड्यात एखादी पंगत बदलून बघितली आहे त्याला विचारा. मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, घरात आई, बायको आणि लेकरं असताना, हा माणूस अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडला. पुढची बारा वर्षं भटकंती. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा, आणि मडक्याचं एक खापर. तेच डोक्यावर, तेच जेवायचं ताट. लोक त्या खापरावरून गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, गटार साफ करायचे, मग कुणी भाकरी दिली तर खायची. पाया कुणाला पडू द्यायचे नाहीत.

या भटकंतीत त्यांनी यात्रा आणि तीर्थं पाहिली. देवळात काय असतं ते सगळेच बघतात, यांनी देवळाबाहेर बघितलं. आंधळे, पांगळे, महारोगी घाटावर पडून आहेत, लांबून चालत आलेल्या बाया उघड्यावर स्वयंपाक करताहेत, आजारी म्हातारा झाडाखाली थंडीने कुडकुडतो आहे. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत चिखलातून लोकांना नदीत उतरावं लागे. १९०८ मध्ये तिथे त्यांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून घाट बांधायला घेतला. पुढे तिथेच अंध-अपंगांना दरवर्षी जेवण आणि कपडे देण्याची प्रथा पडली. महारोग्याच्या जवळ जायला लोक घाबरत असताना हा माणूस त्यांच्या पंगतीला वाढायला उभा असायचा. संसर्गाचं शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. पण रोगापेक्षा वाळीत पडणं माणसाला आधी मारतं, हे त्यांना कळलेलं दिसतं.

हे मी उगाच ओढूनताणून जोडत नाही. आमच्या भागात कॅन्सर अजूनही दबक्या आवाजात सांगितला जातो. सोयरिकीत अडचण येईल म्हणून बाईचं दुखणं लपवतात, तिचं ताट-वाटी वेगळी करतात. कॅन्सर हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे मला आजही आठवड्यातून दोनदा तरी सांगावं लागतं.

१९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ज्यांना इतर कुठे ओसरी मिळत नव्हती त्यांच्यासाठी. मग नाशिक, आळंदी, देहू, अशी यादी वाढत गेली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण या माणसाने देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा, घाट, शाळा, वसतिगृहं, सदावर्तं बांधली. आणि स्वतः त्या धर्मशाळेत राहिले नाहीत. बाहेर कुठे तरी पडून राहायचे, घरच्यांनाही तिथल्या पैशाला शिवू द्यायचे नाहीत. कुंताबाईंनी या सगळ्याची किंमत झोपडीत राहून दिली. त्यांच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं आहे, याची मला रुखरुख वाटते. रुग्णाची सेवा करणाऱ्या घरातल्या बाईचंही असंच होतं. केसपेपरवर तिचं नाव कुठेच नसतं.

आता कीर्तन. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर या दोघांनी बाबांना जवळून पाहून त्यांचं चरित्र लिहिलं. दांडेकर तर पोरवयात त्यांच्यासोबत फिरले होते. जुन्या लोकांकडूनही जे ऐकायला मिळतं ते असं : हे कीर्तन म्हणजे प्रवचन नव्हे. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे, हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. हसायची, टाळ्या पिटायची, नामघोष करायची आणि मध्येच गप्प होऊन डोळे पुसायची. विषय रोजचेच. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोराला शाळेत घाला, बकरं कापून आजार जात नाही, आजार झाला तर दवाखान्यात जा. देवाच्या नावाने गाणारा हा माणूस देवाच्या नावाने चाललेल्या खुळचटपणावर त्याच दमात कोरडे ओढायचा. गाणं हवं, पण गाण्याने गाठ विरघळते असं कुणी सांगितलं तर त्याला उठवून लावायचं, असा हा स्वभाव.

माझ्या मते कॅन्सरमधल्या पूरक उपचारांचं सगळं सार या एका कीर्तनात होतं. पूरक म्हणजे सोबतीचा. पर्यायी म्हणजे बदलीचा. दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण जाहिरातदार ते मुद्दाम पुसून टाकतात. कॅन्सरच्या रुग्णांवर संगीताचा काय परिणाम होतो, यावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आहेत. चिंता कमी होते, दुखणं काही प्रमाणात कमी जाणवतं, थकवा थोडा हलका होतो, असा त्यांचा सूर आहे. गाठ लहान होते असं त्यांत कुठेही नाही. भजनी मंडळात बसणाऱ्या माझ्या रुग्णांना हे मी सांगतो तेव्हा ते चकित होत नाहीत. त्यांना ते ठाऊकच असतं.

१९२३ साल. बाबा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात, शाळेत शिकवतात. बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मी रुग्णांना ही गोष्ट या अर्थाने सांगत नाही. आमच्याकडे पुरुष रडत नाहीत. निदान कळलं की फाइल बंद करून काही होत नाही असं म्हणतात आणि रात्री बाजेवर टक्क जागे राहतात. महिन्याभराने भूक जाते, वजन उतरतं, आणि ते कॅन्सरने की मनाने, हे शोधायला आम्हाला वेळ लागतो. बाबा त्या रात्री एकटे नव्हते, हेही विसरू नये. समोर शेकडो माणसं होती, त्यांच्यासोबत एक सूर होता. माणसांच्या मध्ये उभं राहून त्यांनी ते दुःख सोसलं. कोंडून घेऊन सोसणं वेगळं.

माणसांच्या मध्ये बसण्याने नेमकं काय होतं, यावर शास्त्रात एक मोठी उलथापालथ झाली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेव्हिड स्पीगल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पसरलेल्या स्तन-कॅन्सरच्या ८६ स्त्रिया. त्यांतल्या काही जणी दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करायच्या, बाकीच्या नाही. गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरीने जवळपास दुप्पट काळ जगल्या, असं दिसलं. जगभर आनंदीआनंद झाला. मग इतरांनी तोच प्रयोग करून बघितला. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २३५ स्त्रियांचा अभ्यास छापला आणि त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं, आणि ज्यांना सुरुवातीला त्रास जास्त होता त्यांना फायदा जास्त झाला. म्हणून सकारात्मक विचार केला की कॅन्सर बरा होतो असं मी कुणालाही सांगत नाही. तसं सांगणं क्रूरपणाचं आहे. आजार उलटला तर तो रुग्ण स्वतःलाच दोष देतो, आपला विचारच कमी पडला म्हणतो. सोबत मिळाली तर दिवस सुसह्य होतात, एवढं शास्त्राच्या आधारे सांगता येतं, आणि ते थोडं नाही.

सोबतीचा आणखी एक फायदा आहे, तो अगदी व्यवहारातला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सात लाखांहून अधिक कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जोडीदार असलेल्यांचा आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता, त्यांना योग्य उपचार जास्त प्रमाणात मिळत होते आणि मृत्यूचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. लग्नात काही जादू आहे असं नाही. कुणी तरी दवाखान्यात चल म्हणून मागे लागतं, गोळीची आठवण करतं, परत ने-आण करतं. हे काम बहीण करू शकते, शेजारी करू शकतो, धर्मशाळेतला अनोळखी माणूसही करू शकतो.

१९४९ मध्ये बाबा स्वतः मुंबईत आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदामंत्री. निरोप कळताच ते भेटायला आले आणि येताना दोन घोंगड्या घेऊन आले, असं सांगतात. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याच सुमारास बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली गेली. या भेटीचं राजकीय आणि सामाजिक महत्त्व इतरांनी भरपूर सांगितलं आहे. माझं लक्ष त्या घोंगड्यांकडे जातं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदं नेतो आणि कुठल्या बाबाने कुणाला कसं बरं केलं त्या गोष्टी नेतो. उबेची वस्तू न्यायची आणि थोडा वेळ शांत बसायचं, हे सुचत नाही.

१९५२ च्या फेब्रुवारीत गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक घर मिळालं. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ एक धर्मशाळा उभी राहिली. या वेळी ती वारकऱ्यांसाठी नव्हती. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती.

इथे जरा थांबतो. जे. जे. रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. मोठमोठे सर्जन झाले, यंत्रं आली, रेडियम आलं. रुग्णाला खाट मिळाली. पण वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, कोकणातून त्याच्यासोबत आलेला बाप किंवा बायको रात्री कुठे जाते, हा रुग्णालयाचा प्रश्न नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाला मात्र तो दिसला. त्याने आयुष्यभर यात्रेतली माणसं बघितली होती. दवाखान्याच्या फाटकाबाहेर वळकटी टाकून बसलेला माणूस आणि चंद्रभागेच्या वाळवंटात बसलेला माणूस यांत त्याला फरक वाटला नसावा. दोघांनाही आडोसा, पाणी आणि चूल लागते.

शेवटच्या काळात प्रकृती ढासळत होती, तरी फिरणं थांबलं नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन हे त्यांचं शेवटचं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. आवाजात दम लागलेला कळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या बातमीनंतर बाबांनी औषधपाणी जवळपास सोडलं, असं त्यांच्या माणसांनी सांगून ठेवलं आहे. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांनी प्राण सोडला. दुःखाने माणूस मरतो का, हे मी डॉक्टर म्हणून ठामपणे सांगणार नाही. दुःखाने माणूस औषध सोडतो, हे मात्र मी बघितलं आहे.

बाबांच्या पश्चात त्यांच्याच नावाने दादर पूर्वेला आणखी एक धर्मशाळा झाली. आज तिथे मुख्यतः टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. नाममात्र पैशांत गादी, पाणी, जेवणाची सोय. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं. माझ्या एका रुग्णाने तिथली गोष्ट सांगितली. डोक्यावर एक केस नाही म्हणून गावात तो टोपीशिवाय बाहेर पडत नसे. तिथे पहिल्याच संध्याकाळी टोपी काढली, कारण समोरच्या रांगेत सगळेच तसे होते. मानसोपचारतज्ज्ञ जे करायला आठवडे घेतात ते त्या रांगेने एका संध्याकाळी केलं. तोंडाला फोड आले तर काय खायचं, केमोच्या तिसऱ्या दिवशी कसं वाटतं, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे सगळं तिथे एकमेकांकडून कळतं. आम्ही डॉक्टर ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटं देतो. मी कारणं देत नाही, हिशेब सांगतो.

पुड्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन अभ्यास छापले. पहिल्यात, कॅन्सरचे प्रमाणित उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट दिसला. दुसरा अभ्यास मला जास्त शहाणा वाटतो. प्रमाणित उपचारांसोबत पूरक उपचारही घेणाऱ्या रुग्णांत धोका दुप्पट दिसला, पण खोलात गेल्यावर कळलं, की यांतल्या बऱ्याच जणांनी पुढचं ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन नाकारलं होतं. धोका मुख्यतः त्या नकारातून आला होता. माझी बाईही तशीच गेली होती.

म्हणून रुग्ण विचारतात तेव्हा मी सरसकट नाही म्हणत नाही. रोज चालणं, झेपेल तेवढं, हे केमोच्या थकव्यावर माझ्या कुठल्याही टॉनिकपेक्षा सरस आहे. योगासनं आणि सावकाश श्वसन यांनी झोप आणि चिंता सुधारते. हाडात आजार पसरलेला असेल तर पुढे वाकण्याची, पिळाची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हलक्या हाताने तेल लावणं चालतं, गाठीवर, रेडिएशनच्या जागेवर किंवा रक्तातल्या प्लेटलेट्स कमी असताना चोळणं नको. मनगटाच्या आतल्या बाजूला दाब देण्याने मळमळ काहींना कमी वाटते, करून बघायला हरकत नाही. मात्र पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट डॉक्टरला दाखवा. काही भस्मांत शिसं, पारा असतो. नाव नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. त्याने चार दिवस भूक लागते, अंग हलकं वाटतं आणि गुण आल्याचा भास होतो. गुळवेल घरची म्हणून निर्धोक समजली जाते, पण कोविडच्या काळात ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. केमो चालू असताना त्या वादात आपलं यकृत कशाला पणाला लावायचं? हळदीचं दूध प्या, पण हळदीच्या अर्काच्या जाड कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेऊ नका.

आणि मन फारच खचलं असेल, झोप नाही, जगणं नको वाटतं, तर तो अशक्तपणा नव्हे, आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रवासाचंही सांगून ठेवतो, कारण फाट्यावर उभ्या असलेल्या अनेकांना ते माहीत नसतं : उपचाराला निघालेल्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीचं तिकीट मोफत आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. ते मागायला लाजू नका.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. पुड्या बंद केल्या, कावीळ उतरायला दीड महिना गेला. मी चार फोन केले, धर्मशाळेत जागा कशी मिळते ते विचारून घेतलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. ती दोघं परत गेली. उरलेले डोस पूर्ण झाले, मग रेडिएशन. मधल्या खंडाने किती नुकसान केलं, ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही. गेल्या वर्षी ती तपासणीला आली तेव्हा सोबत शेजारच्या वाडीतली एक तरुण मुलगी होती, नव्याने निदान झालेली. बाईच तिला घेऊन आली होती. मुलीची फाइल बघून मी मुंबईची चिठ्ठी लिहायला घेतली, तर बाईने मला थांबवलं आणि कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला.